बुर्गीमावशीच्या बिया

आमच्या टेकडीवर काटे मुद्दाम लावणारी एकच बाई होती, बुर्गीमावशी. बाकी सगळे काटे दिसले की कुदळ घेऊन धावायचे, आणि ही त्यांना संध्याकाळी झारीने पाणी घालायची. घराच्या दक्षिणेला, जिथे दुसऱ्या कुणी टोमॅटो लावले असते, तिथे तिचा मारियेचा काटा छातीएवढा वाढून उभा असायचा. हिरवीगार, कडेने टोचणारी पानं आणि त्यांच्यावर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेघा. मारियामाता बाळाला पाजत असताना चार थेंब पानांवर पडले आणि त्या रेघा उमटल्या, असं आमच्याकडे प्रत्येक मुलाला सांगतात. हल्ली शहरातल्या औषधाच्या दुकानात 'मिल्क थिसल' लिहिलेल्या बाटल्या मिळतात, त्यातल्या गोळ्या याच झाडाच्या बियांच्या. मी एकदा मावशीला तशी बाटली दाखवली होती. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "झाकण छान आहे."

तिचं खरं नाव नोटबुर्गा, पण त्या नावाने तिला फक्त पाद्रीबाबा हाक मारायचे, आणि तेही रागावले असतील तेव्हा. दिसायला ठेंगणी, रुंद खांद्यांची. डोक्याला निळा रुमाल, आणि त्यातून सुटलेली एक बट ती बोलताना सारखी फुंकून उडवायची. तिचे यजमान विन्झेंझ, आमचे विन्झकाका, तिच्या अगदी उलट. उंच, वाकलेले, हळू बोलणारे. टेकडीच्या उतारावर त्यांचा द्राक्षमळा होता. जुलै सरता सरता ते मळ्याच्या माथ्यावर लाकडी खडखडं उभं करायचे. वारा आला की त्याची पाती फिरायची, आतले हातोडे फळीवर आपटायचे आणि सगळी पाखरं द्राक्षं सोडून उडायची. उडून जायची ती थेट बुर्गीमावशीच्या काट्यांवर.

"तुझं ते खडखडं पाखरांना माझ्याकडे धाडतं," मावशी ओरडायची.

"मी पत्ता देत नाही त्यांना," काका वरून म्हणायचे.

"पत्ता कशाला लागतो? मळ्यातून हाकललं की मी एकटीच उरते!"

लाल तोंडाच्या त्या चिमुकल्या पाखरांशी मावशीची दर ऑगस्टात शर्यत लागायची. या काट्याची बोंडं सगळी एकदम पिकत नाहीत. मधलं मोठं आधी, मग बाजूची एकेक. जांभळं फूल वाळून त्याच्या तोंडाशी पांढरा कापूस दिसायला लागला, की ते बोंड त्याच दिवशी कापायचं. एक दिवस आधी कापलं तर बी कच्चं, एक दिवस उशीर केला तर पाखरांच्या पोटात. मावशी काकांचे जुने चामडी हातमोजे चढवून रोज सकाळी फेरी मारायची आणि पिकलेली बोंडं तेवढी जाड कापडाच्या पिशवीत टाकायची. पिशवी माळ्यावर टांगून वाळवायची, मग दगडी पायरीवर ठेवून काठीने बडवायची. त्या दिवशी अंगणभर कापूस उडायचा आणि मावशी शिंकून शिंकून बेजार व्हायची. खाली उरायच्या काळ्या, चकचकीत बिया.

त्या बिया पहिल्यांदा माझ्या घरात आल्या तेव्हा माझी युडिट जेमतेम दोन आठवड्यांची होती. मी ग्राझ शहरातली. कॉलेजात इतिहास शिकले आणि एगिडशी लग्न करून या टेकडीवर आले. द्राक्षांतलं मला काही कळत नव्हतं आणि बाळातलं त्याहून कमी. युडिट पितेय की नाही, पोट भरतंय की नाही, या काळजीने मी अर्धी झाले होते. औषधाच्या दुकानातून बाळाचं वजन करायचा काटा भाड्याने आणला होता. पाजण्याआधी वजन, पाजल्यानंतर वजन. मधला फरक कमी दिसला की मी रडायची, मी रडले की युडिट रडायची.

मावशी दार न वाजवता आत आली. काट्याच्या पारड्यात युडिट पाय झाडत होती.

"काय भाव लावलास पोरीचा?" मावशीने विचारलं.

मी हसले नाही. म्हणाले, "मावशी, दूध पुरत नाही."

"कोण म्हणतं? ही की हा तराजू?"

तिने युडिटला उचलून माझ्या मांडीवर दिलं, ओट्यावरचा पाव घेतला आणि पारड्यात ठेवला. "आता याचं वजन करत बस. हा रडणार नाही." मग पिशवीतून बिया काढल्या. माझ्या कॉफीच्या चक्कीत मूठभर घालून भरड काढली, त्यातली चमचाभर बडीशेपेबरोबर गरम पाण्यात घालून झाकून ठेवली. चांगली मुरल्यावर गाळून माझ्या हातात दिली. तेलकट, जराशी कडवट चव. तिच्या आईने तिला हेच दिलं होतं, आणि टेकडीवरच्या प्रत्येक बाळंतिणीला ती हेच द्यायची. घोट घोट प्यायचं, एकदम नाही. आणि पीत असताना तराजूकडे बघायचं नाही.

त्या बियांनी दूध वाढलं की कुणीतरी शेजारी शांत बसल्याने वाढलं, मला आजही सांगता येणार नाही. युडिट मात्र बाळसं धरू लागली, आणि माझ्या चक्कीतल्या कॉफीला पुढचे कित्येक दिवस बियांचा वास येत राहिला.

मावशीच्या बिया बाळंतिणींपुरत्या नव्हत्या. धावून कुशीत कळ आली की चिमूटभर बिया चावायला द्यायची, कारण जे टोचतं ते टोचणाऱ्याला बाहेर काढतं, असा जुन्या लोकांचा हिशेब. पित्त झालं, जड जेवण झालं की बियांचा काढा पुदिना घालून. पण सगळ्यात जास्त बिया जायच्या त्या एकाच पोटात, विन्झकाकांच्या. रोज सकाळी न्याहारीच्या आधी कपभर काढा. कारण रोज संध्याकाळी काका टेकडीखाली पोल्डीच्या गुत्त्यात असायचे.

दारावर हिरवी फांदी टांगली की पोल्डीचा गुत्ता उघडला असं समजायचं. स्वतःच्या मळ्यातली वाइन, सोबत पाव, थंड मांस, भोपळ्याच्या बियांचं काळंहिरवं तेल. तिथल्या बाकावर बसून काकांचा हळू आवाज हळूहळू मोठा होत जायचा. ते भांडायचे नाहीत, पडायचे नाहीत. प्यायचे मात्र नेमाने. आणि कुणी टोकलं की म्हणायचे, "यकृताची काळजी बुर्गी घेते. मी घशाची घेतो."

हे वाक्य गुत्त्यात इतकं चाललं की पोल्डीने एक दिवस मावशीकडून वाटीभर बिया मागून नेल्या आणि गल्ल्याशेजारी ठेवल्या. पहिल्या पेल्याआधी माणसं त्यातला चिमूटभर घेऊन कडाकडा चावायची. आधी बी, मग वाइन. तेवढं केलं की प्यायला मोकळे. मावशीला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. वाटी रिकामी झाली की ती स्वतः जाऊन भरायची आणि म्हणायची, "घ्या रे, तुमच्या बायकांना तरी बरं वाटेल."

युडिट शाळेत जायला लागली त्या शरदात, ऐन द्राक्षतोडणीत, काकांचे डोळे पिवळे झाले. टोपली पाठीवर घेऊन ते वर येत होते. मावशीने त्यांना उन्हात थांबवलं, हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं आणि टोपली उतरवून घेतली. एगिडने त्यांना गाडीतून लाइब्निट्झला नेलं. तिथल्या इस्पितळात काका बरेच दिवस राहिले. मावशीसोबत मी एकदा गेले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं सरळ.

"वाइन आता नाही. एक पेलाही नाही. प्यायलात तर मला तुमच्या बायकोशी वेगळं बोलावं लागेल."

मावशीने पिशवीतून बियांची पुडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. "हे मी रोज देते त्याला. पुष्कळ वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडून पाहिली. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "द्यायचं तर द्या, माझी हरकत नाही. पण वरून ओतणं थांबलं नाही, तर खाली कितीही पुसा, फरशी कोरडी होणार नाही."

परतीच्या वाटेवर मावशीची बट तोंडावर आली तरी फुंकली नाही.

काका घरी आले. थोडे दिवस नीट राहिले. मग नोव्हेंबरात संत मार्टिनचा दिवस आला, नव्या वाइनला आशीर्वाद द्यायचा दिवस. त्या दिवशी भाजलेलं बदक आणि नवी वाइन न चाखणारा माणूस आमच्या टेकडीवर जन्मलेला नाही. काका पोल्डीकडे गेले. मावशी मागोमाग गेली, आणि दारातूनच तिने पाहिलं की काकांनी गल्ल्याजवळच्या वाटीतून मूठ भरून बिया तोंडात टाकल्या. चिमूट नाही, मूठ. चावत चावत पोल्डीला म्हणाले, "भर. आज दुप्पट खाल्ल्यात."

मावशी आत गेली, वाटी उचलली, रुमालात उपडी केली आणि बाहेर पडली. 

दुसऱ्या सकाळी ती माझ्याकडे आली. मला आठवा महिना चालला होता, दुसऱ्या वेळचा. तिच्या हातात त्या वर्षीच्या बियांची सगळी पिशवी होती.

"ही तुझ्याकडे ठेव. तुला बाळंतपणात लागेल ती वापर. बाकीची लपव."

"कुणापासून?"

"त्याच्यापासून. इतकी वर्षं मला वाटायचं, मी त्याला वाचवतेय. मी त्याला हिंमत देत होते गं. माझ्या बिया नसत्या तर घाबरून तरी थांबला असता." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "तो दारात येईल. देऊ नकोस. रडला तरी देऊ नकोस."

काका रडणारे नव्हते. क्लेमेन्स जन्मल्यावर, फेब्रुवारीत, वेलींची छाटणी चालू असताना ते माझ्या दारात आले. टोपी हातात, बुटांना चिखल. मी क्लेमेन्सला पाजत खिडकीशी बसले होते.

"जाता जाता डोकावलो," ते म्हणाले. बसले. बराच वेळ बाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या बिया तुझ्याकडे आहेत म्हणे."

"त्या दुधासाठी आहेत, काका."

"चमचाभरच. मीही पाजायला लागतो उद्यापासून, चालेल?"

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. मी म्हणाले, "मावशीने नाही म्हटलंय."

"माहितेय. माझा सकाळचा काढापण बंद केलाय तिने. कोरा पाव देते. तीन महिने मी तसाच पितोय, काढ्याशिवाय." ते टोपीची कड फिरवत राहिले. "आधी काही वाटायचं नाही. आता पहिला घोट घेतला की उजव्या कुशीत काहीतरी बसल्यासारखं वाटतं. खरंच असतं की मला वाटतं, कळत नाही. भीती वाटते गं."

"मग मावशीला सांगा ना."

"तिला काय सांगू? पन्नाशी उलटलेला बाप्या, बियांशिवाय गुत्त्यात जायला घाबरतो?"

मी जागची हलले नाही. पिशवी माझ्या मागच्या कपाटात होती आणि माझी पाठ गरम झाल्यासारखी वाटत होती. माणूस इतका घाबरलेला आहे, चमचाभर दिल्या तर काय बिघडतं, असं एका क्षणी मनात आलं. पण मावशीचा चेहरा आठवला. मी म्हणाले, "काका, न घाबरता जायचंच असेल तर बिया लागतील. नसेल जायचं तर नाही लागणार."

ते उठले. क्लेमेन्सच्या पायाला बोट लावून गेले. खिडकीतून मी पाहिलं, दिवस मावळत होता आणि ते खाली पोल्डीच्या वाटेला न लागता वर, घराच्या वाटेला लागले.

सकाळी मावशी आली. हात पुढे केला. "एक चमचा दे."

"कशाला?"

"काल तो गेला नाही."

तेव्हापासून तो नेमच झाला. आदल्या संध्याकाळी काका गुत्त्यात गेले नाहीत, तर सकाळी मावशी चमचाभर बिया न्यायला यायची. गेले असतील तर यायची नाही. बिया आधी आणि वाइन मग, हा टेकडीचा जुना क्रम तिने उलटा केला होता. मला काही विचारावं लागायचं नाही. मुलांना आवरताना माझा अर्धा कान तिच्या लाकडी बुटांकडे असायचा. आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. आला नाही तर माझ्या हातून दूध उतू जायचं. मार्चमध्ये बऱ्याच सकाळी आवाज आला नाही. ईस्टरच्या सुमाराला तर सलग आला नाही. मी एगिडला म्हणायची, गेलं सगळं. मग एका सकाळी पुन्हा टक टक टक, आणि मावशी दारात, डोळे सुजलेले, हात पुढे.

वसंतात घराच्या दक्षिणेला मारियेच्या काट्याची नवी रोपं जमिनीला चिकटून उगवली. मावशीने कुदळ घेतली आणि सगळी काढून टाकली. मी कुंपणापाशी होते. म्हणाले, "अगं मावशी, बाळंतिणींचं काय?"

"बाळंतिणींना मी आहे," ती म्हणाली. तिथे तिने टोमॅटो लावले.

पिशवी उन्हाळ्याच्या सुरुवातीला संपली. शेवटच्या सकाळी मी तळ झटकून दिला, त्यात नुसता कोंडा निघाला. मावशीने पाहिलं आणि माझ्या परसातला पुदिना खुडून घेतला. मी तिच्यामागे गेले. काय होतंय ते पाहिल्याशिवाय मला राहवलं नसतं.

काका टेबलाशी बसले होते. मावशीने कप पुढे ठेवला. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

"हा नुसता पुदिना आहे."

"हो."

"बिया संपल्या?"

"संपल्या."

मावशी ओट्याला टेकून उभी होती.  काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी कप उचलला आणि पुदिन्याचं पाणी तळापर्यंत प्यायले. "थोडी साखर घालत जा उद्यापासून," म्हणाले, आणि मळ्यात गेले.

पंधरा ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, आमच्याकडच्या बायका औषधी झाडपाल्याची जुडी बांधून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. मावशीच्या जुडीच्या मधोमध नेहमी जांभळं काटेरी बोंड असायचं. त्या वर्षी नव्हतं. ओवा होता, पुदिना होता, सोनेरी फुलं होती, मधे पोकळी. सगळ्या बायकांनी पाहिलं. पोल्डीच्या बायकोनेही पाहिलं. पुढच्या आठवड्यात गल्ल्याजवळची रिकामी वाटी तिने उचलून कोंबड्यांच्या पाण्याला लावली.

विन्झकाका त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. नव्वदीपर्यंत नाही, पण क्लेमेन्सला झाडावर चढायला शिकवण्याइतके. आता दोघंही नाहीत. घरात कुणाला ताप आला की मी अजून वर त्या घराकडे बघते, आणि मग आठवतं की तिथे आता ग्राझचे लोक सुट्टीला येतात.

पण मला त्यांची आठवण येते ती बिया संपल्यानंतरच्या पहिल्या नोव्हेंबरची. संत मार्टिनचा दिवस पुन्हा आला. काकांनी मळ्यातली द्राक्षं नेहमीसारखीच दाबली होती, वाइन नेहमीसारखीच पिंपात फसफसून शांत झाली होती. फक्त काकांनी पिणं सोडल्यावर ती चाखायची कुणी हा प्रश्न होता. आयुष्यभर स्वतःची वाइन स्वतःच्या जिभेने ठरवलेला माणूस तो. मी तळघरात पाव द्यायला उतरले तेव्हा काका पिंपाजवळ उभे होते. त्यांनी नळीने पेला भरला, उजेडात धरला, नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला.  मावशी पायरीवर उभी होती.

काकांनी पेला तिच्यापुढे धरला.

"तू सांग."

मावशीला वाइन आवडायची नाही. कधीच आवडली नव्हती. तिने पेला दोन्ही हातांत धरला, औषध घ्यावं तसा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट."

"आंबट म्हणजे कसं? लिंबासारखं की कच्च्या सफरचंदासारखं?"

"आंबट म्हणजे आंबट."

"अगं बाई, नीट सांग! गिळल्यावर काय उरतं जिभेवर?"

"मला काय ठाऊक? मी लगेच गिळलं."

"गिळायचं नाही लगेच! आधी तोंडात फिरव. डावीकडे. मग उजवीकडे. घाई नको करूस."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग पेला पुन्हा ओठाला लावला, गाल फुगवून वाइन डावीकडे नेली, मग उजवीकडे, आणि डोळे बारीक करून विचार करू लागली. काका तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, हात मागे बांधून.